बदलून येणाऱ्या मुलांचा कॉलेज प्रवेश : जागा मिळते, पण वर्ष वाचते का?



मे-जूनमध्ये बारावीचा निकाल लागला की मंडळाकडे जे फोन येतात त्यांची उत्तरे सोपी असतात. ऑनलाइन फॉर्म कधी सुटणार, मूल निवासी कुठे काढायचे, कोणत्या कॉलेजात कोणते विषय आहेत, एवढेच लोक विचारतात. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये येणारे फोन मात्र वेगळे असतात. “सून जळगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इथल्या कॉलेजात घेतील का?” “यांची बदली भुसावळहून इकडे झाली, मुलाचे बी.एस्सी.चे एक वर्ष झाले आहे.” “पोरीला मामाकडे रावेरला ठेवायची आहे, इथले पहिले वर्ष पास आहे.” या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहोत.

आपले बुऱ्हाणपूर आहेच असे ठिकाणी. रेल्वेने रावेर अर्ध्या तासावर, भुसावळ तासाभरावर. बोलणे, लग्नकार्य, केळीचा व्यवहार सगळा खानदेशाशी. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्यप्रदेशात राहिलो आणि जळगाव त्या वेळच्या मुंबई राज्यात. सोयरीक करताना ही सीमा कोणाच्या लक्षातही येत नाही. ती लक्षात येते कॉलेजच्या खिडकीवर. इकडची कॉलेजे पूर्वी इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला जोडलेली होती. २०२४ साली खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले आणि आपला जिल्हा त्याच्या क्षेत्रात गेला. पलीकडे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १९९० पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, त्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. अंतर अर्ध्या तासाचे, पण विद्यापीठ वेगळे, राज्य वेगळे, बोर्ड वेगळे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका घरात घडलेली गोष्ट सांगतो. नावे कोणाचीच घेत नाही. मे महिन्यात लग्न झाले. सून पलीकडच्या कॉलेजात बी.एस्सी.चे पहिले वर्ष चांगल्या मार्कांनी पास. सासरचे लोक शिकवायला तयार, तिचीही इच्छा. माहेरच्यांनी लग्नाच्या गडबडीतच कॉलेजातून टी.सी. काढून आणली, म्हणजे नंतर खेप नको. जुलैत इकडे चौकशी केली तेव्हा ऐकायला मिळाले, “सीटें खाली हैं, आ जाइए.” सगळे निश्चिंत झाले. ऑगस्टमध्ये कागद घेऊन गेले तेव्हा कळले की रिकाम्या जागा पहिल्या वर्षाच्या आहेत. दुसऱ्या वर्षाला बसवायचे तर आधीचा अभ्यासक्रम इथल्याशी जुळतो असे विद्यापीठाने लिहून द्यायला हवे, आणि त्याला किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. जुन्या कॉलेजात परत जावे तर टी.सी. काढलेली, वर्ग सुरू झालेले. ते वर्ष घरी बसण्यात गेले. पुढच्या वर्षी तिने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. दोन वर्षे गेली, आणि मार्क कमी म्हणून गेली नाहीत. कागद उलट्या क्रमाने काढले म्हणून गेली.

आमच्या मते या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. जागा मिळणे वेगळे आणि झालेले वर्ष मान्य होणे वेगळे. पहिले उशिरापर्यंत जमते. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात आधी करावी लागते.

आधी जागेचे पाहू. मध्यप्रदेशात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि एम.ए.सारख्या वर्गांच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून होतात. नोंदणी करायची, कॉलेजे आणि विषय पसंतीच्या क्रमाने भरायचे, कागद तपासून घ्यायचे, गुणवत्ता यादीत नाव आले की ऑनलाइन फीस भरायची. पहिल्या फेरीत जागा उरल्या की पुढची फेरी, आणि त्यानंतर ‘सी.एल.सी.’ म्हणजे कॉलेज स्तरावरची काउन्सिलिंग. सी.एल.सी.च्याही एकाहून अधिक फेऱ्या होतात आणि तारखा अनेकदा पुढे ढकलल्या जातात. त्यामुळेच “ऑगस्टमध्येही ॲडमिशन मिळते” असे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत ‘रोलिंग ॲडमिशन’ नावाची पद्धत असते. तिथे एकच शेवटची तारीख धरून सगळे अर्ज एकदम तपासत नाहीत. अर्ज येईल तसा निर्णय देतात, जागा भरेपर्यंत. तिकडे शिकणाऱ्या नातवंडांकडून हा शब्द आपल्याकडेही पोचला आहे. आपल्याकडची तिच्या जवळची गोष्ट म्हणजे ही सी.एल.सी. पण फरक आहे. इथे फेरीची तारीख असते आणि प्रत्येक फेरीत पुन्हा गुणवत्ता यादी लागते. ‘कधीही या’ असा दरवाजा नाही.

शिवाय हे पोर्टल पहिल्या वर्षासाठी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला बदलून येणाऱ्याचा विचार तिथे होत नाही. तो कॉलेज आणि विद्यापीठ यांच्या पातळीवर होतो : त्या वर्गात जागा आहे का, विषय तेच आहेत का, दोन्ही कॉलेजांची नाहरकत आहे का, आणि विद्यापीठ बदलत असेल तर नवे विद्यापीठ जुने वर्ष मानते का. महाराष्ट्रातही रीत साधारण हीच आहे. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याकडे तिथे विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र मागतात. तेव्हा फोनवर कोणी “जागा आहे” म्हणाले की लगेच विचारावे, “कोणत्या वर्षाला?” वर सांगितलेल्या घरात हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

जून २०२४ मध्ये यू.जी.सी.ने वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देण्याची मोकळीक विद्यापीठांना दिली. ती बातमी वाचून बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले. ही मोकळीक आहे, सक्ती नाही. आपल्या भागातल्या साध्या बी.ए., बी.कॉम.साठी पावसाळ्यातलाच हंगाम धरून चालावे.

आता झालेल्या वर्षाचे. नव्या शिक्षण धोरणात या अडचणीवर उपाय सांगितला आहे, त्याचे नाव ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. लोक नुसते ए.बी.सी. म्हणतात. यू.जी.सी.ने त्याचे नियम २०२१ मध्ये काढले. कल्पना बँकेच्या पासबुकासारखी आहे. विद्यार्थ्याने पास केलेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट त्याच्या खात्यात जमा होते, आणि दुसऱ्या संस्थेत गेला तर ते तिकडे वळते करता येते. खाते डिजिलॉकरमधून उघडते, बारा आकडी नंबर मिळतो, पैसे लागत नाहीत. वर्षाचे साधारण ४० क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीचे १२०, चार वर्षांच्या ऑनर्सचे १६०. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे चालते.

यात एक अट आहे आणि ती फार थोड्या पालकांना माहीत असते. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडे किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले हवे. हिशेब करून पाहा. मुलगी पहिले वर्ष जळगावला करून आली तर ४० तिकडचे आणि ८० इकडचे, काही अडचण नाही. दोन वर्षे तिकडे करून तिसऱ्या वर्षाला आली तर ८० तिकडचे आणि फक्त ४० इकडचे. तीन वर्षांच्या पदवीसाठी निम्मे म्हणजे ६० हवेत, ते भरत नाहीत. चार वर्षांची पदवी करायची असेल तर ८०-८० होऊन गाठ बसते. म्हणून बदल करायचाच असेल तर तो पहिल्या वर्षाच्या शेवटी सोपा असतो. दुसरे वर्ष संपलेले असेल तर आमचा सल्ला असतो की तिसरे तिथेच पुरे करा. घरच्यांना हे जड जाते, विशेषतः नव्या सुनेच्या बाबतीत. पण आठ-दहा महिन्यांची ये-जा किंवा परीक्षेपुरते माहेरी राहणे हे दोन वर्षे जाण्यापेक्षा बरे. साखरपुड्याच्या बैठकीत मानपानाची चर्चा तासभर चालते, तिथे दहा मिनिटे या विषयाला द्यावीत असे आम्ही आता उघडपणे सांगतो.

आणि क्रेडिट खात्यात दिसले म्हणजे विषय जुळले असेही नाही. मध्यप्रदेशाने नवे धोरण २०२१-२२ पासून लागू केले, महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आले. दोन्हीकडे मेजर-मायनर आहेतच, पण बाकीची मांडणी सारखी नाही. इकडे आधार पाठ्यक्रमात हिंदी आणि इंग्रजी भाषा येतात, शिवाय एक व्यावसायिक विषय असतो. तिकडे भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्याचे छोटे छोटे पेपर असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इथे दुसऱ्या वर्षाला घेतले तरी पहिल्या वर्षाचा हिंदीचा पेपर वेगळा द्यावा लागू शकतो. परीक्षेची पद्धतही बघावी लागते. तिकडे वर्षात दोन सत्रे. इकडे धोरणाच्या पहिल्या तुकड्यांना वर्षाअखेरची एकच परीक्षा होती. सत्राच्या मधेच, म्हणजे दिवाळीनंतर, कॉलेज बदलायचा विचार करू नये. एक सत्र हातात आणि एक हवेत अशी मार्कशीट कोणालाच सोयीची नसते. एखादा पेपर राहिला असेल, ए.टी.के.टी. किंवा पूरक, तर तो जुन्या विद्यापीठातच काढून मग निघावे.

मराठी साहित्य हा मुख्य विषय घेतलेल्यांनी सर्वांत आधी एवढेच विचारावे की नव्या कॉलेजात मराठी विषय आहे का. मराठी घरांत हे गृहीत धरले जाते आणि इथेच फसगत होते.

कागदांकडे येऊ. विद्यापीठ किंवा बोर्ड बदलताना दोन दाखले लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. टी.सी., म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, कॉलेज देते. मायग्रेशन विद्यापीठ किंवा बोर्ड देते. कोणाकडे मागायचे हे मार्कशीटच्या माथ्यावर छापलेले असते. आपल्याकडे अलीकडेच विद्यापीठ बदलल्यामुळे हे नीट पाहणे गरजेचे झाले आहे. एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन भावांपैकी थोरल्याच्या मार्कशीटवर इंदूरचे नाव आणि धाकट्याच्या मार्कशीटवर खरगोनचे, असे होऊ शकते. बारावीनंतर सरळ पलीकडे जाणाऱ्याचे मायग्रेशन भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाचे लागते. जळगावकडून इकडे येणाऱ्याचे महाराष्ट्र बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळाचे, कारण जळगाव जिल्हा नाशिक विभागात आहे. केंद्रीय बोर्डाच्या मुलांनी आपापल्या बोर्डाकडे मागावे.

क्रम मात्र असा ठेवावा. आधी नव्या ठिकाणी मार्कशीट आणि अभ्यासक्रमाची प्रत दाखवून घेणे. अभ्यासक्रमाची प्रत जुन्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवता येते, त्यावर जुन्या कॉलेजचा शिक्का घ्यावा. मग ‘या वर्षाला घेऊ’ असे लेखी, निदान अर्जाच्या पोचेवर तरी, मिळवणे. त्यानंतर नाहरकत. टी.सी. आणि मायग्रेशन सर्वांत शेवटी. एकदा टी.सी. काढली की जुन्या कॉलेजशी संबंध संपला असे समजावे. काही कॉलेजे “पहिले टी.सी. लाओ, फिर देखेंगे” असे सांगतात. अशा वेळी वाद न घालता, पात्रता ठरेपर्यंत तात्पुरता प्रवेश द्या आणि टी.सी.साठी मुदत द्या, असा साधा अर्ज द्यावा. अनेकदा तो मान्य होतो. नाहीच झाला तर घाईने टी.सी. काढू नये, दुसरे कॉलेज पाहावे.

नावाचा घोटाळा हा आपल्या लोकांचा खास विषय आहे. महाराष्ट्राच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव. मध्यप्रदेशात मुलाचे नाव वेगळ्या ओळीत, वडिलांचे आणि आईचे वेगळ्या. आधारवर तिसरेच काही. माणूस एकच, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तीन. ए.बी.सी.चे खाते आधारवरून उघडते, त्यामुळे आधारवरचे नाव आणि कॉलेजच्या नोंदीतले नाव जुळले नाही तर क्रेडिट खात्यात दिसतच नाही. फॉर्म भरण्याच्या महिनाभर आधी नावे शेजारी ठेवून पाहावीत. आणि सुनांच्या बाबतीत आमची आग्रहाची विनंती : पदवी हातात येईपर्यंत आधारवरचे नाव बदलू नका. माहेरच्या नावाने पदवी घेतल्याने सासरचा मान कमी होत नाही. बदल केलाच असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढून ठेवा, ते पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात.

आरक्षण आणि सवलती यांबद्दल थोडे स्पष्ट लिहावे लागेल. जातीचा दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्यात त्याचा आरक्षणासाठी उपयोग. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात १९९० साली हेच ठरले. एका राज्यातल्या यादीतली जमात, पण कुटुंब दुसऱ्या राज्यात नोकरीला, तर त्या दुसऱ्या राज्यात राखीव जागेचा हक्क मिळत नाही. त्यामुळे पलीकडून येणारी सून किंवा इकडून जाणारा मुलगा बहुधा खुल्या गटात धरला जातो. फीस आणि गुणांचा हिशेब तसाच मांडावा. शिष्यवृत्तीचेही तेच. ‘गाव की बेटी’ योजना मध्यप्रदेशाची आहे. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फी माफ केली, त्यासाठी तिथला रहिवास लागतो. मामाचा पत्ता दाखवून भागत नाही, तिथे साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आणखी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो की आपण सीमाभागातले मराठी, म्हणून महाराष्ट्रात आपल्याला राखीव जागा आहेत. त्या जागा कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांसाठी आहेत. बुऱ्हाणपूर त्यात नाही.

फीसबद्दल दोनच गोष्टी. इकडे सी.एल.सी.त फीस भरली आणि नंतर पलीकडचे नक्की झाले तर पैसे बुडाले असे समजू नका. यू.जी.सी.चे फी परताव्याचे नियम आहेत. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत हजार रुपयांपर्यंत कापून परत, असे ठरले होते. दर वर्षीच्या तारखा वेगळ्या काढतात, त्या पाहून घ्याव्यात. दुसरे म्हणजे कोणत्याही कॉलेजला मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत. दाखवायचे, तपासून घ्यायचे, परत आणायचे.

सगळे करूनही जुळले नाही तर? वर्ष घरी बसण्यात घालवू नये. कला-वाणिज्य शाखेच्या मुलींना स्वाध्यायी, म्हणजे ज्याला आपण ‘प्रायव्हेट’ म्हणतो, तो मार्ग इकडे आहे. प्रयोगाचे विषय असलेल्या विज्ञानाला तो सहसा चालत नाही. इग्नूमध्ये जानेवारी आणि जुलै असे दोन हंगाम असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये हुकलेल्याला पुढच्या जुलैपर्यंत थांबावे लागत नाही. भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची, असे आपल्या समाजात अजून बोलले जाते. नोकरीच्या फॉर्ममध्ये ती मान्यताप्राप्त पदवी म्हणून चालते, आणि लग्नानंतर तिथून बी.ए. करून पुढे बी.एड.ला गेलेल्या मुली आपल्यातच आहेत.

पदवी पूर्ण झालेल्यांना यातली बरीच कटकट नाही. एम.ए., एम.कॉम.ला नव्या विद्यापीठात जाताना क्रेडिट जुळवायचे नसतात. मायग्रेशन आणि पात्रता एवढे पुरते. म्हणून तिसऱ्या वर्षात असलेल्यांना आम्ही नेहमी थांबायला सांगतो.

जून ते सप्टेंबर मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी आमच्यापैकी कोणी ना कोणी असते. येताना दहावी-बारावीची आणि कॉलेजची प्रत्येक मार्कशीट, आधार, ए.बी.सी. नंबर आणि जातीचा व रहिवासाचा दाखला असेल तर तोही आणावा. फक्त झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच राहू द्या. आणि टी.सी. अजून काढली नसेल तर काढण्याआधी या.